चुन्यापासून लांब

गोरी होती काळी कुळकुळीत. पण चुनाभट्टीवर वाढलेलं कुत्रं काळं राहणार कसं? सकाळी अंग झाडलं की जरा वेळ काळी दिसायची, आणि दुपार व्हायच्या आत पाठ, कान, भुवया, सगळं पांढरं. अनोळखी ट्रकवाला आला की म्हणायचा, "काय पांढरंशुभ्र कुत्रं पाळलंय हो!" आणि भट्टीवरचे सगळे पोट धरून हसायचे. गोरी हे नाव त्या चेष्टेतून पडलं. ते ठेवलं वहिनीनं.

वहिनी म्हणजे भट्टी लावणाऱ्या दादाची बायको. तिचं खरं नाव माहेरीच राहिलं. इथं दगड फोडणाऱ्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच. दादा वरच्या अंगाला दगड आणि कोळसा रचायचा, जाळ सांभाळायचा. वहिनी आणि तिची सासू आत्याबाई खालच्या अंगाला. भट्टीतून भाजून निघालेली चुन्याची ढेकळं, म्हणजे कळी, हौदात टाकायची, पाणी सोडायचं, लांब दांड्याच्या फावड्यानं ढवळायचं, विझून भुकटी झाली की चाळून पोत्यांत भरायची. राहायला हौदापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची एक खोली. तिच्या दारात गोरीचं पोतं टाकलेलं असायचं. पिल्लू असताना आईमागं राहिलेली, डोळे चिकटलेली ती वहिनीनं बोळ्यानं दूध पाजून वाढवली होती. मोठी झाली आणि कोळशाचे चोर तिला घाबरायला लागले, तेव्हापासून भट्टीचे मालक तिला "आमची गोरी" म्हणायला लागले. लहान असताना ती कुणाची होती, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही.

त्या उन्हाळ्यात बांधकामांना नुसता ऊत आला होता. भट्टी दिवसरात्र पेटलेली. सकाळी कवाड उघडायच्या आत बाहेर ट्रक उभे. मालक कचेरीच्या ओसरीवरून खाली-वर नाचत असायचे आणि ज्याला-त्याला "आटपा, आटपा" करायचे. त्यांना दुसरा शब्दच येत नसावा असं वाटायचं.

आता कळी विझवायची एक रीत असते. पाणी बेतानं सोडायचं. कळी फुगते, तडकते, खदखदा उकळते. ती उकळी बसेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा थोडं. भट्टीवर नवीन आलेल्यालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण त्या दिवशी मालकांच्या अंगात आलं होतं. हौदाशी येऊन म्हणाले, "असं चमच्यानं पाजत बसलात तर संध्याकाळ होईल. नळ पूर्ण सोडा."

"मालक, उडेल," दादा वरून ओरडला.

"काही होत नाही. इतकी वर्षं भट्टी चालवतोय मी."

भट्टी चालवतोय म्हणे! हातात कधी फावडं धरलं असेल तर शपथ. त्यांनी स्वतःच पुढं होऊन नळाची चावी पार शेवटपर्यंत फिरवली.

हौद क्षणभर गप्प बसला आणि मग आतून उसळला. उकळता चुना काठावरून बाहेर आला. ढवळायला उभ्या असलेल्या वहिनीच्या दोन्ही हातांवर आला आणि काठाच्या सावलीला झोपलेल्या गोरीच्या पाठीवर सांडला. गोरी जी किंचाळली, ती ऐकून वरची माणसं खाली धावली. ती वेड्यासारखी गोल गोल फिरत होती, जमिनीवर पाठ घासत होती. वहिनीनं फावडं टाकलं, तिला मानेला धरून ओढत पाण्याच्या पिंपाशी नेलं आणि बादलीवर बादली ओतायला लागली. चुना लागला की पाणी ओतत राहायचं, भरपूर, थांबायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"अगं तुझे हात!" आत्याबाई किंचाळल्या. "आधी तुझे हात धू!"

वहिनीनं खाली पाहिलं. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तोवर तिला काही कळलंच नव्हतं. मग मात्र असं भडकलं की तिनं दोन्ही हात पिंपात कोपरापर्यंत बुडवले आणि दात आवळून उभी राहिली.

मालक धावत आले. "अरेरेरे! कुत्रं भाजलं की बिचारं!" ते गोरीपाशी उकिडवे बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उठताना म्हणाले, "तेवढा हौद आवरून घ्या पटकन. ट्रक उभा आहे."

आणि हौद आवरला गेला. कोणी आवरला? वहिनीनंच आवरला. हातांना फडकी गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या जीपमधून जनावरांचा डॉक्टर आला. तरुण होता, शांतपणे बोलणारा. गोरीच्या पाठीवर, खांद्याच्या मागं, तळहाताएवढी जागा भाजून निघाली होती. केस गळून आतलं ओलं लाल मांस दिसत होतं, कडेची कातडी काळी पडून आक्रसली होती. मालकांनी तिचं तोंड स्वतःच्या मांडीवर धरलं. वाईट माणूस होता असं म्हणायची सोय नाही. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. तेच तर जास्त संतापजनक.

डॉक्टर म्हणाला, "भाजल्याची जखम आहे, वेळ घेणार. घाई करून चालणार नाही. रोज उकळून गार केलेल्या पाण्यानं हलक्या हातानं धुवायची, हे मलम लावायचं, वर स्वच्छ सुती कापड. माशी बसता कामा नये. चाटता कामा नये. आणि मुख्य म्हणजे चुन्यापासून लांब ठेवा. अगदी लांब. नवी कातडी फार नाजूक असते, भुकटीचा कण जरी लागला तरी पुन्हा पहिल्यापासून."

"लांब म्हणजे लांब!" मालकांनी सगळ्यांकडे बोट फिरवलं. "ऐकलं ना रे सगळ्यांनी?"

डॉक्टरानं मलमाची नळी वहिनीच्या हातात दिली, तेव्हा त्याची नजर फडक्यांवर गेली. "हे काय? हेही त्याच वेळचं? दवाखान्यात दाखवलंत का?"

वहिनी तोंड उघडणार, तोवर मालक हसून म्हणाले, "त्यांना सवय असते हो. तुम्ही गोरीचं सांगा, काय खायला द्यायचं तिला?"

सवय! वहिनीच्या कानांत तो शब्द दिवसभर वाजत राहिला. सवय चहाची असते, लवकर उठायची असते. भाजायची कसली आली सवय?

गोरीची व्यवस्था कचेरीच्या ओसरीवर झाली. खाली सतरंजी, कोपऱ्यात पाण्याचं भांडं, आणि माशा बसू नयेत म्हणून मालकांचा टेबलपंखा. चाटू नये म्हणून दादानं तेलाचा प्लॅस्टिकचा डबा कापून तिच्या गळ्यात अडकवला. तो घालून ती दाराला, खांबाला, माणसांच्या पायांना धडकत फिरायची. जखमेवरचं कापड राहीना, म्हणून वहिनीनं दादाची जुनी बनियन तिला घातली, पुढचे पाय बाह्यांतून काढून.

"माझी बनियन, मालकांचा पंखा," दादा म्हणाला. "थोड्या दिवसांनी कचेरीत खुर्ची टाकून बसेल ही."

वहिनी हसली. त्या दिवसांत ती हसली ती तेवढीच.

सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर ती ओसरीवर जायची. हात घासूनघासून धुवायची, पाणी चुरचुरलं की ओठ चावायची. मग बनियन वर सारून ओल्या कापडाचा बोळा जखमेवर नुसता टेकवायची. गोरी थरथरायची, पण तिनं दात कधी दाखवले नाहीत. डब्यातून मान वाकडी करून ती वहिनीच्या फडक्यांचा वास घ्यायची आणि चाटायला बघायची. जीभ पोचायची नाही. "राहू दे गं बाई," वहिनी म्हणायची, "तुला डॉक्टरनं चाटायला बंदी केलीय. मला कोणी काही सांगितलेलं नाही."

तिचे हात मात्र दिवसभर चुन्यातच. फडकी गुंडाळली तरी घामानं भिजायची, भुकटी आत शिरायची. संध्याकाळी सोडताना कापड कातडीसकट निघायचं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. कपडे पिळता येईनात, ते दादा पिळायचा. गडवा मुठीत धरवेना. दादाला दिसत नव्हतं असं नाही. रात्री तो तिच्या हातांना तेल चोळायचा आणि म्हणायचा, "मोसम तेवढा संपू दे. मग बघू दवाखान्याचं."

"गोरीला सांगितलं का कोणी मोसम संपू दे म्हणून?"

त्यावर तो गप्प बसायचा. गप्प बसण्यात तो पटाईत होता.

गोरीच्या जखमेची कडा गुलाबी होऊन आत सरकू लागली, तेव्हा वहिनीला दिवस सोन्याचा वाटला. रोज सकाळी ती आधी कड बघायची. आणि एके सकाळी बघते तर काय, नव्या गुलाबी कातडीवर पांढरट कोरडी खपली, मधे तडकून रक्त आलेलं. तिला वाटलं, वाऱ्यानं भुकटी उडून आली असेल. पुन्हा धुणं, पुन्हा मलम, पुन्हा कड आत सरकली. आणि पुन्हा तेच. पांढरी खपली, तडा, रक्त. एक पाऊल पुढं, दोन पावलं मागं. गोरी आता बोळा बघितला की कोपऱ्यात अंग चोरायला लागली होती.

एकदा मालकांनीच बनियन वर करून पाहिलं. जेवायच्या सुट्टीची वेळ, सगळी माणसं झाडाखाली बसलेली. त्यांनी ओसरीवरूनच हाक मारली, "वहिनी! इकडं या. हात दाखवा."

तिला वाटलं, सुचलं एकदाचं. तिनं फडकी सोडली आणि दोन्ही हात पुढं केले.

मालकांनी हातांकडं पाहिलं, जखमांकडं नव्हे. नखांत, चिरांत, सुरकुत्यांत बसलेल्या पांढऱ्या भुकटीकडं पाहिलं. "बघा! सगळ्यांनी बघा! हे असले हात घेऊन ही तिला मलम लावते. मग बरी होणार कशी? डॉक्टर घसा फोडून सांगून गेला, चुना लागता कामा नये म्हणून. तुम्हा लोकांना स्वच्छता म्हणून काही असते की नाही? आजपासून तिला हात लावायचा नाही. कळलं? मी स्वतः करीन काय ते."

समोरच्या माणसानं घास तोंडाशी नेलेला तसाच धरला. वहिनीचे हात अजून पुढंच होते, ते मागं कसे घ्यावेत हेच तिला समजेना. चुना कुणाचा? हौद कुणाचा? नळ कुणी सोडला होता? दादा मान खाली घालून भांड्यात बघत बसला होता. त्या क्षणी तिला मालकांपेक्षा दादाचा राग आला.

खोलीत येऊन ती भिंतीला टेकून बसली. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मलम लावायच्या आधी ती हात नखांपर्यंत घासून धुवायची. रात्री बनियन नीट बांधून यायची. मग सकाळी ती खपली यायची कुठून?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ती उठली. आत्याबाईंचं अंथरूण रिकामं होतं. ओसरीकडं चालत गेली, तर पायरीवर आत्याबाई बसलेल्या. गोरीची बनियन वर सरकवलेली, मांडीशी एक छोटी डबी, आणि चिमटीनं त्या जखमेवर काहीतरी भुरभुरवत होत्या. तोंडानं पुटपुटत होत्या, "सुकेल हं बाळ. आता सुकेल. ओलं राहतंय ना, म्हणून बरं होत नाही."

"आत्याबाई!"

त्या दचकल्या. डबी पायरीवर सांडली. पांढरी चाळलेली भुकटी.

"चुना?" वहिनीचा आवाज चिरकला. "तुम्ही चुना टाकताय तिच्या अंगावर? रोज?"

"रोज नाही गं. ओलं दिसलं की टाकते. जखम ओली राहिली की सडते. आम्ही सगळ्या असंच करायचो. हात फुटले की भुकटी दाबायची, घट्ट बसते, रक्त थांबतं, लगेच कामाला लागता येतं."

"अहो, चुन्यानंच भाजलीय ना ती! डॉक्टरानं सगळ्यांदेखत सांगितलं, लांब ठेवा म्हणून!"

"ते कुत्र्याचं सांगितलं," आत्याबाई म्हणाल्या. मग स्वतःच्याच बोलण्याशी अडखळल्या. त्यांनी हात उलटे करून उजेडाकडं धरले. कातडी जनावराच्या खुरासारखी टणक, बोटं अर्धी मिटलेली, ती पूर्ण उघडायची केव्हाच बंद झाली होती. "म्हणजे हे... भुकटी दाबल्यामुळं?"

वहिनीला ओरडायचं होतं. तिच्या कपाळी सगळ्यांसमोर जो डाग लागला तो या डबीमुळं. पण त्या हातांकडं पाहून तिचा राग सासूवरून उठला आणि जिथं जायला हवा तिकडं गेला. "तुम्हाला कधी कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? आमच्यासाठी कुठला डॉक्टर आला होता जीपमधून?"

सांडलेली भुकटी पायरीवरून धुऊन काढून, रिकामी डबी घेऊन दोघी तिथून निघाल्या. मालकांना सांगायचं नाही, असं वहिनीनं बजावलं. म्हातारीला हाकलून द्यायला त्यांनी मागंपुढं पाहिलं नसतं.

त्यानंतर खपली आली नाही. मालक दोन-चारदा मलम लावून कंटाळले आणि ते काम कचेरीतल्या कारकुनावर ढकललं. त्याला वास सहन व्हायचा नाही. शेवटी त्यानंच गुपचूप वहिनीला बोलावलं आणि वहिनी मालक यायच्या आत येऊन सगळं करून जायची. कड आत सरकत गेली. मधला ओला लाल डाग नाण्याएवढा उरला. नव्या कातडीवर बारीक काळी लव आली. गोरी शेपटी हलवत डब्यानं खांब ठोकायला लागली.

मग एका सकाळी मालकांनी बनियन वर केली आणि खूश होऊन मोठ्यानं म्हणाले, "बघितलंत? हिचे हात लागायचे बंद झाले आणि जखम भरली! सांगत नव्हतो मी?"

वहिनी समोरच उभी होती. पाटी कमरेला धरून. तिच्या बोटांतून पाटीच्या कडेवर रक्त उतरत होतं.

"चला, आता हौदाकडं. ट्रक तापून उभा आहे बाहेर. आज जरा हात उचला."

कवाडाबाहेर ट्रकचं इंजिन घरघरत होतं. वहिनी हौदापर्यंत गेली. कळी टाकलेली होती, फावडं काठाला टेकवलेलं. तिनं दांड्याला हात घातला, मूठ मिटली आणि चिरा उघडल्या. तिनं मूठ सोडली. पाटी खाली ठेवली. पिंपातून बादलीभर पाणी काढलं, दोन्ही मनगटांत कडी अडकवून ते ओसरीपर्यंत आणलं आणि पायरीवर बसून फडकी सोडायला लागली. गोरी धडकत, ठेचाळत येऊन तिच्याशेजारी पडली.

"हे काय?" मालक म्हणाले.

"हात बुडवतेय."

"ते संध्याकाळी बुडव. कळी वाट बघतेय."

"नाही जमणार." वहिनीनं हात पाण्यात सोडले. पाणी लगेच दुधाळ झालं. "चुन्यापासून लांब ठेवायचं. अगदी लांब. नवी कातडी नाजूक असते."

"अगं, ते गोरीला सांगितलं होतं!"

"आम्ही दोघी एकाच वेळी भाजलो, मालक. एकाच हौदानं. नळ तुम्ही सोडला होता." ती थांबली नाही. "तिला सतरंजी दिलीत. पंखा दिलात. बरं केलंत, माझ्या हातानं वाढवलीय मी तिला. पण माझे हात सगळ्यांना दाखवलेत ते कशाला? घाण म्हणून दाखवलेत! ही घाण आली कुठून? मी माहेराहून आणली?"

आजूबाजूची माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. मालकांचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळून बोल. तुझ्या हातांमुळंच ती इतके दिवस—"

"तिच्या हातांमुळं नाही." आत्याबाई हौदाकडून येत होत्या, कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत. "भुकटी मी टाकत होते. सुकेल म्हणून. मी तेच शिकले होते तुमच्या भट्टीवर. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून."

मालकांनी वर दादाकडं पाहिलं. "अरे, तू तरी सांग तुझ्या बायकोला!"

दादा भट्टीच्या काठावर उभा होता. वहिनीनं तिकडं पाहिलंच नाही, तिला ती मान पुन्हा खाली गेलेली बघायची नव्हती. मग पावलं वाजली. दादा उतरून हौदाशी आला, नळाची चावी पूर्ण आवळून बंद केली, आणि फावडं उचलून हौदापासून लांब, भिंतीशी आडवं टाकलं. "काय सांगू?" तो म्हणाला. "बरोबर बोलतेय ती."

"आणि हे असं किती दिवस बसणार तुम्ही?"

"गोरीला जितके दिले तितके," वहिनी म्हणाली.

आत्याबाई पायरीशी पोचल्या होत्या. त्यांनी गोरीला पायानं हळूच बाजूला सारलं, बादलीत डोकावून पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "सरक गं थोडी."

वहिनी सरकली. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली, बाह्या वर केल्या आणि ते न उघडणारे दोन्ही हात बादलीत सुनेच्या हातांशेजारी सोडले. चुरचुरलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. "बाई बाई," त्या म्हणाल्या, "किती गार आहे गं."

मालक घड्याळाकडं बघत उभे होते. बाहेर ट्रकवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग इंजिन बंद केलं.